अम्र मूसा

अम्र मूसा (जन्म: ३ ऑक्टोबर १९३६, कैरो) हे इजिप्तचे मुत्सद्दी व राजकारणी आहेत. इ.स. १९९१ ते २००१ या काळात ते इजिप्तचे परराष्ट्रमंत्री, तर २००१ ते २०११ या काळात अरब लीगचे सरचिटणीस होते. २०१२ मध्ये त्यांनी इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली.

सुरुवातीची कारकीर्द

कैरो विद्यापीठातून १९५७ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यानंतर मूसा १९५८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या सेवेत दाखल झाले. १९८३ ते १९८६ दरम्यान ते भारतातील इजिप्तचे राजदूत होते. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांत इजिप्तचे कायम प्रतिनिधी म्हणून काम केले.

परराष्ट्रमंत्री

राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांनी १९९१ मध्ये त्यांची परराष्ट्रमंत्रिपदी नेमणूक केली. इजिप्तचा इस्रायलशी १९७९ पासून शांतता करार होता. तो कायम ठेवूनही मूसा यांनी इस्रायलच्या धोरणांवर उघडपणे टीका केली. १९९५ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची मुदत वाढवण्याच्या वेळी इस्रायलनेही त्यावर सही करावी, असा आग्रह इजिप्तने धरला. या भूमिकेमुळे ते सामान्य जनतेत लोकप्रिय झाले. गायक शाबान अब्देल रहीम यांच्या एका गाजलेल्या गाण्यात इस्रायलविषयीच्या रागाबरोबरच मूसा यांच्याविषयीचे प्रेमही व्यक्त झाले होते. ही लोकप्रियता मुबारक यांना खुपल्यामुळेच मूसा यांना मंत्रिमंडळातून अरब लीगमध्ये पाठवले गेले, असा एक प्रचलित समज आहे.

अरब लीग

मे २००१ मध्ये मूसा सरचिटणीस झाले. मार्च २००२ मधील बैरूत शिखर परिषदेत सौदी अरेबियाने मांडलेला अरब शांतता प्रस्ताव संमत झाला. १९६७ मध्ये व्यापलेल्या प्रदेशातून माघार व स्वतंत्र पॅलेस्टिनी राष्ट्र यांच्या बदल्यात इस्रायलशी सामान्य संबंध, असे त्याचे स्वरूप होते. इराकवरील संभाव्य हल्ल्यामुळे नरकाची दारे उघडतील, असा इशारा मूसा यांनी २००२ मध्ये दिला. मात्र सदस्य देशांतील मतभेदांमुळे लीगला २००३ चे युद्ध रोखता आले नाही.

१२ मार्च २०११ रोजी लीगने लिबियावर उड्डाणबंदी क्षेत्र लागू करण्याची मागणी सुरक्षा परिषदेकडे केली. हवाई हल्ले सुरू होताच, लीगला नागरिकांचे संरक्षण हवे होते, त्यांच्यावर बाँबवर्षाव नव्हे, असे मूसा म्हणाले. नंतर मात्र त्यांनी सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा आदर करत असल्याचे स्पष्ट केले.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक

मुबारक यांच्या पतनानंतर मूसा यांनी अपक्ष म्हणून उमेदवारी जाहीर केली. सुरुवातीच्या अनेक जनमत चाचण्यांत ते आघाडीवर होते. १० मे २०१२ रोजी त्यांच्यात व अब्देल मोनेम अबूल फोतूह यांच्यात झालेली दूरचित्रवाणीवरील चर्चा ही इजिप्तमधील अशा प्रकारची पहिलीच होती. दीर्घ अनुभव हे त्यांचे भांडवल होते, तर मुबारक यांच्या मंत्रिमंडळातील दहा वर्षे ही अडचण ठरली. विरोधकांनी त्यांना जुन्या राजवटीचा अवशेष म्हटले. मे महिन्यातील पहिल्या फेरीत सुमारे ११ टक्के मतांसह ते पाचव्या स्थानी राहिले. अंतिम फेरीत मोहम्मद मोर्सी विजयी झाले.

संविधान समिती

नोव्हेंबर २०१२ मध्ये मोर्सी यांच्या विरोधात स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या नेत्यांमध्ये मूसा यांचा समावेश होता. जुलै २०१३ मध्ये लष्कराने मोर्सी यांना पदच्युत केल्यानंतर संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या पन्नास सदस्यांच्या समितीचे अध्यक्षपद मूसा यांच्याकडे आले. जानेवारी २०१४ च्या सार्वमतात ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी हे संविधान मंजूर झाले. मतदान सुमारे ३९ टक्के होते. लष्करी न्यायालयांत नागरिकांवर खटले चालवण्याची मुभा कायम ठेवल्याबद्दल त्यावर टीका झाली.

मूसा यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड २०१७ मध्ये अरबी भाषेत प्रसिद्ध झाला.