काठावरची साथ : प्रौढांच्या पोहण्याचा इतिहास



कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या माणसाने पोहण्याच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण कॉलेजात झालेले नाही. कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर जे मिळाले तेवढेच आमच्या पदरी आहे. परंतु त्या शिक्षणाने एक खोड लावली. माणसे एकत्र कशी येतात आणि एकत्र कशी टिकतात, हे जेथे दिसेल तेथे पाहायचे. पोहण्याच्या तलावावर ते आम्हांला दिसले, म्हणून हा विषय घेतला.

आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ती पदके जिंकणारी विशीतली पोरे नव्हेत. नोकरीधंदा, संसार, मुलांच्या फिया, आईबापांची दुखणी हे सारे सांभाळून जी चाळिशी-पन्नाशीची माणसे पहाटे तलावात उतरतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत निमूटपणे फेऱ्या मारतात, त्यांच्याविषयी हे बोलणे आहे. बाहेर आल्यावर अंग पुसता पुसता ती एकमेकांना आकडे सांगतात. "परवा सोळा झाल्या होत्या, आज अठरा." ऐकणारा म्हणतो, "वा! पुढच्या आठवड्यात वीस." वरवर पाहता ही फुशारकी वाटेल. आमचे म्हणणे असे आहे की, या दोन वाक्यांच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो मुख्यतः एकमेकांच्या साथीचा इतिहास आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. नदीकाठी किंवा समुद्रकाठी राहणाऱ्याला पाणी फुकट मिळते. गिरणीच्या शहरात राहणाऱ्या मजुराला ते कोठून मिळणार? इंग्लंडातील लिव्हरपूल शहरात १८३२ साली पटकीची साथ आली. किटी विल्किन्सन नावाच्या एका गरीब बाईच्या घरी पाणी तापवण्याची सोय होती. तिने ती शेजारणींना खुली केली आणि रोग्यांचे कपडे उकळून धुण्याचे काम सुरू केले. त्या उदाहरणावरून १८४२ साली त्याच शहरात सार्वजनिक स्नानगृह व धुण्याचे घर उघडले. १८४६ साली पार्लमेंटने कायदा करून नगरपालिकांना अशी स्नानगृहे बांधण्याचा अधिकार दिला. श्रमिकांसाठीची न्हाणीघरे वरच्या वर्गाच्या न्हाणीघरांच्या दुपटीहून कमी असता कामा नयेत, आणि त्यांच्याकडून थंड पाण्याच्या स्नानाला एका पेनीहून अधिक आकार घेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. १८७८ साली कायद्यात सुधारणा होऊन नगरपालिकांना छपराखालचे पोहण्याचे तलाव बांधण्याचाही स्पष्ट अधिकार मिळाला.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. क्लोरीन व गाळणयंत्रे येण्यापूर्वी तलावातले पाणी ठरावीक दिवसांनी काढून पुन्हा भरीत. भरले त्या दिवशी पाणी नितळ असे, म्हणून तिकीट महाग. दिवस जातील तसे पाणी गढूळ होई आणि तिकीट स्वस्त होई. म्हणजे एकाच तलावात श्रीमंत सोमवारी पोहे आणि गरीब शनिवारी, असाही प्रकार घडे. तरीही गरीब शनिवारी आला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते.

आणि तो शनिवारी येऊ शकला तो कशामुळे? पाण्याइतकीच दुसरी वस्तू लागते, ती म्हणजे वेळ. इंग्लंडात १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले आणि पुढे अर्ध्या शनिवारची रीत पसरत गेली. आपल्याकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली गिरणीवाल्यांकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. आज रविवारी सकाळी तलावावर गर्दी होते. त्या गर्दीतील कितीजणांना ठाऊक असते की, हा रविवार कोणी आकाशातून टाकलेला नाही? पोहणे हा देहाचा व्यायाम खरा, पण त्याला लागणारा तास हा चळवळीने मिळवलेला तास आहे.

पाणी झाले, वेळ झाली. तिसरा प्रश्न राहिला तो प्रवेशाचा. अमेरिकेत शिकागोच्या किनाऱ्यावर २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा एक काळा मुलगा तराफ्यावरून पाण्यात वाहत गेला. गोऱ्यांचे पाणी कोठे सुरू होते याची रेघ पाण्यावर ओढलेली नव्हती, पण गोऱ्यांच्या मनात होती. काठावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत अडतीस माणसे मेली. मिसिसिपीतील जॅक्सन शहराची गोष्ट याहून थंड डोक्याची आहे. न्यायालयाने वर्णभेद बेकायदा ठरवल्यावर त्या शहराने आपले सार्वजनिक पोहण्याचे तलाव सर्वांना खुले करण्याऐवजी बंदच केले. आणि १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. काळ्या माणसाबरोबर पोहण्यापेक्षा स्वतः कोरडे राहिलेले बरे, असा तो हिशेब होता.

आपण हे ऐकून अमेरिकेला नावे ठेवू नयेत. महाडचे चवदार तळे पोहण्याचे नव्हते, पिण्याच्या पाण्याचे होते. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह जाऊन तेथले ओंजळभर पाणी प्यावे लागले, कारण नगरपालिकेने ठराव करूनही ते तळे अस्पृश्यांना प्रत्यक्षात बंदच होते. न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. ज्या देशात ओंजळीसाठी दहा वर्षे लागली, तेथे एकाच तलावात, एकाच लेनमध्ये, एकामागून एक अनोळखी माणसे पोहतात, ही लहान गोष्ट नव्हे. पुढचा कोण, मागचा कोण, हे पाणी विचारीत नाही. पण पाण्याला तसे वागू देण्यासाठी माणसांना झगडावे लागले.

आता साथीकडे वळू. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मॅथ्यू वेब नावाचा सत्तावीस वर्षांचा जहाजावरचा कप्तान इंग्लंडहून फ्रान्सला पोहत गेला. त्याला पावणेबावीस तास लागले. वेब एकटा पोहला असे आपण म्हणतो. परंतु त्याच्याबरोबर होड्या होत्या आणि होड्यांत माणसे होती. ती त्याला खाणेपिणे पुरवीत होती, वाट दाखवीत होती, धीर देत होती. खाडी पोहून जाण्याचा जो नियम पुढे रूढ झाला तो फार अर्थपूर्ण आहे. पोहणाऱ्याने होडीला स्पर्श करायचा नाही आणि होडीतल्याने पोहणाऱ्याला आधार द्यायचा नाही. तसे झाले की पोहणे बाद.

गर्ट्रूड एडर्ली या अमेरिकन तरुणीला हा नियम भोवला. १९२५ साली ती निम्म्याहून अधिक वाट पोहून गेली होती. बोटीवरच्यांना वाटले, ही आता बुडते. एकाने तिला धरले आणि सारी मेहनत पाण्यात गेली. आपण बुडत नव्हतो, असे ती नंतरही म्हणत राहिली. ६ ऑगस्ट १९२६ रोजी ती पुन्हा उतरली. या खेपेस बोटीवर तिचा बाप होता, बहीण होती, मित्रमंडळी होती. त्यांनी गाणी म्हटली, हाका मारल्या, पण हात लावला नाही. साडेचौदा तासांच्या आसपास ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. तिच्यापूर्वी पाच पुरुष ती खाडी पोहून गेले होते. त्यांतल्या सर्वांत वेगवान पुरुषापेक्षा तिला सुमारे दोन तास कमी लागले. आपल्या आरती साहा यांचेही तसेच. १९५९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा पहिला प्रयत्न फसला. महिनाभराने, २९ सप्टेंबरला, त्या पुन्हा उतरल्या आणि सोळा तास वीस मिनिटांत पार झाल्या. ही खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री भारतीय होती.

हात लावायचा नाही आणि सोडूनही जायचे नाही, ही जी साथीची रीत खाडीत ठरली, तीच पुढे साध्या तलावात, साध्या माणसांत उतरली. त्याची कथा अशी. अमेरिकेच्या आरमारात रॅन्सम आर्थर नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना दिसले की, कॉलेज सुटले की पोहणारा पाण्याबाहेर पडतो तो कायमचा. शर्यत संपली, आता पोहायचे कशासाठी? डॉक्टरांचे म्हणणे असे की, प्रौढ माणसाला नुसते "व्यायाम करा" म्हणून भागत नाही, त्याच्यापुढे काही तरी लक्ष्य लागते. पोहण्याच्या शिक्षकांच्या संघटनेचे जॉन स्पॅनथ यांनी ही कल्पना उचलली आणि मे १९७० मध्ये टेक्ससमधील अमरिलो गावी प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. शेहेचाळीस माणसे आली. एवढ्या मोठ्या देशातून शेहेचाळीस! आमच्या युनियनच्या पहिल्या सभांना याहून कमी माणसे असत, म्हणून या आकड्याला आम्ही हसत नाही. आज त्या संघटनेचे सभासद पन्नास हजारांहून अधिक आहेत. आणि १९८६ साली टोकियोला अशा प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

या स्पर्धांचे नियम आम्ही कुतूहलाने वाचले. स्पर्धक पाच-पाच वर्षांच्या गटांत विभागतात. साठ ते चौसष्ट एक गट, पासष्ट ते एकोणसत्तर दुसरा. त्यामुळे चौसष्ट वर्षांचा माणूस आपल्या गटात सर्वांत म्हातारा असतो आणि पासष्टावे लागताच पुढच्या गटात सर्वांत तरुण होतो. वय वाढल्याचा आनंद मानावा अशी दुसरी जागा आम्हांला ठाऊक नाही. चौघांच्या साखळी शर्यतीत तर चौघांच्या वयांची बेरीज करतात आणि बेरजेवरून गट ठरतो. कारखान्यात वय वाढले की माणूस वजा होतो. येथे तो जमेत धरला जातो.

आणखी एक रीत पाहा. ज्यांना दूरच्या गावी जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी टपालाने स्पर्धा सुरू झाल्या. आपल्याच गावच्या तलावात एक तास पोहायचे, काठावर एका माणसाने फेऱ्या मोजायच्या, आणि तो आकडा लिहून पाठवायचा. जो मोजतो त्याला काही बक्षीस नाही. तो तासभर काठावर बसून दुसऱ्याच्या फेऱ्यांच्या खुणा कागदावर करतो. लांब शर्यतीत पोहणाऱ्याला किती फेऱ्या झाल्या याचे भान राहत नाही, तेव्हा टोकाशी बसून आकड्याची पाटी पाण्यात धरणारा माणूस असतो, तोही त्याच जातीचा. हा मोजणारा माणूस आम्हांला या सर्व इतिहासाचा खरा नायक वाटतो.

त्याची गरज भावनेपुरती नाही, हेही सांगितले पाहिजे. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट घन आहे. वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून प्रौढ माणूस नुसता जोर लावतो तेव्हा तो दमतो फार आणि पुढे सरकतो थोडा. त्याचे पाय खाली बुडत असतात, मान वर उचललेली असते, श्वास कोंडलेला असतो. आणि यांतले काहीच त्याला स्वतःला दिसत नाही. काठावरचा सांगतो, "काका, मान खाली ठेवा, श्वास पाण्यात सोडा." एवढ्या एका सूचनेने जे साधते ते महिनाभराच्या जोराने साधत नाही. दुसरे असे की, प्रौढाची प्रगती फार हळू असते, मुंगीच्या पावलाने. तिची नोंद दुसऱ्यापाशी नसेल तर ती झालीच नाही असे वाटू लागते आणि माणूस तलाव सोडतो. "परवा सोळा, आज अठरा" हे ऐकून घेणारा कान म्हणूनच लागतो.

जपानमध्ये मिएको नागाओका नावाच्या बाई ऐंशीच्या घरात असताना गुडघ्याच्या दुखण्यासाठी पाण्यात उतरल्या. एप्रिल २०१५ मध्ये, शंभर वर्षांच्या वयात, त्यांनी पंधराशे मीटर अंतर सव्वा तासाहून थोड्या अधिक वेळात पोहून पुरे केले. शंभरीतल्या माणसाने हे अंतर स्पर्धेत पुरे करण्याची ती पहिलीच वेळ. जगातल्या वेगवान तरुणांना याच अंतराला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. पण काठावरची माणसे शेवटची फेरी होईपर्यंत तेथे असतात, हे त्या स्पर्धांचे वैशिष्ट्य आहे.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही. खेड्यातल्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून ज्या पिढ्या पोहायला शिकल्या, त्यांच्यासाठी कठड्यावर कोणी मामा, कोणी थोरला भाऊ उभा असेच. फरक इतकाच की, विहिरीवर पोरे शिकत; बायका बहुधा पाणी शेंदण्यापुरत्या येत; आणि सगळ्यांच्या पोरांना सगळ्या विहिरी खुल्या नव्हत्या. शहरातल्या नगरपालिकेच्या तलावाने ही उणीव भरून काढायची आहे.

म्हणून शेवटी नागरिक या नात्याने दोन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो. आपल्या गावच्या तलावाचे वर्गणीचे दर ठरतात तेव्हा ते मजुराच्या खिशाला झेपतील असे पाहा. आणि वेळापत्रक लागते तेव्हा त्यात पाळीवरून सुटणाऱ्या कामगारासाठी, घरकाम आवरून येणाऱ्या बाईसाठी आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदा पाण्याला पाय लावणाऱ्यासाठी तास राखला आहे की नाही, हे विचारा. इतके झाले की पुढचे काम सोपे आहे. आपल्या शेजारच्या लेनमध्ये कोणी धापा टाकत टोकाला लागला, तर त्याला एवढेच विचारावे, "किती झाल्या?" आणि तो जो आकडा सांगेल तो लक्षात ठेवावा. परवा तो पुन्हा येईल तेव्हा आपल्याला तो आठवला पाहिजे.