बीटाच्या रसातून औषधाच्या दुकानात

नाशिकला गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तेथे बीट आणि पालक यांच्या जुड्या शेजारी शेजारी मांडलेल्या दिसतात. या दोन्ही भाज्यांत भरपूर असलेला एक पदार्थ आज ‘पूरक आहार’ म्हणून डब्यांतूनही विकला जातो. त्याचे नाव बीटेन. यकृत, हृदय, स्नायू या सर्वांना तो उपकारक असल्याचे सांगितले जाते. यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी आपण त्याच्या इतिहासाकडे वळू.

1860 च्या दशकात कार्ल शायब्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने साखरेच्या बीटाच्या रसातून हा पदार्थ वेगळा केला. बीटाच्या ‘बीटा’ या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले. ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाच्या नायट्रोजनवर तीन मिथिल गट बसले की बीटेन तयार होते. क्षारयुक्त जमिनीत किंवा पाण्याची टंचाई असताना पेशीतील पाणी टिकवण्यासाठी वनस्पती त्याचा उपयोग करते.

प्राण्यांच्या शरीरातील त्याचे काम 1930 च्या दशकात उलगडू लागले. इन्शुलिनच्या शोधात सहभागी असलेले टोरांटोचे चार्ल्स बेस्ट यांच्यापुढे एक कोडे होते. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्शुलिनवर जगत, पण त्यांच्या यकृतात चरबी साठे. लेसिथिन दिले तर ती साठत नसे. 1932 मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की हा गुण लेसिथिनमधील कोलीनचा आहे आणि बीटेनमध्येही तो आहे. पुढे अमेरिकेत विन्सेंट द्यु विन्यो यांनी दाखवले, की शरीरात मिथिल गट एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर दिला जातो. बीटेन हा असाच एक दाता आहे.

हे दान मुख्यतः होमोसिस्टीन या रेणूला मिळते आणि त्याचे मेथिओनीन हे उपयुक्त अमिनो आम्ल बनते. त्यासाठी शरीरात दोन वाटा आहेत. एक वाट बीटेनची; ती मुख्यतः यकृतात व मूत्रपिंडात चालते. दुसरी वाट फॉलिक आम्ल व बी-12 जीवनसत्त्वाची. तिचा एक धागा आपल्या मुंबईत सापडला. तेथील गरोदर स्त्रियांचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे डॉ. लूसी विल्स यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक आम्ल, हे नंतर कळले.

होमोसिस्टिन्युरिया या दुर्मिळ आनुवंशिक रोगात होमोसिस्टीन धोकादायक प्रमाणात साठते. त्यावर बीटेन खरोखर उपयोगी पडते. अमेरिकेत 1996 मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

मग सर्वांनीच ते घ्यावे का? येथे पुण्यातील एक पाहणी डोळे उघडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी शहर व परिसरातील 441 पुरुषांचे रक्त तपासले. 2006 च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी होते आणि 58 टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. म्हणजे आपल्याकडे मुख्यतः दुसरी वाट अडलेली आहे. बीटेनने होमोसिस्टीन काहीसे उतरेल. पण चेतातंतू व रक्तपेशी यांसाठी लागणारे बी-12 त्यातून मिळणार नाही. रक्ताचा आकडा सुधारलेला दिसावा आणि मूळ उणीव आत तशीच राहावी, हा धोका आहे. शिवाय रोज 4 ग्रॅमपेक्षा अधिक बीटेनने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढू शकते.

बी-12 वनस्पतींत नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. उणीव असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तेच घ्यावे. बीटेनसाठी मात्र डबा शोधण्याची सहसा गरज नाही. निफाडचे कृषी संशोधन केंद्र ज्या गव्हासाठी ओळखले जाते, त्या गव्हाच्या कोंड्यात ते विपुल असते. पीठ चाळून आपण तो कोंडा फेकतो! वर्गात हे चाळण पुढे ठेवून मुलांना विचारावे: आपल्या ताटात नेमके काय कमी आहे आणि काय आपण स्वतःच काढून टाकतो?