तारामतीची सनद

भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या प्रकरणांचा शोध घेणाऱ्यास मुंबईत फार दूर हिंडावे लागत नाही. दादरच्या मुख्य रस्त्यावरील ज्या घरात दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' निर्माण केला, गिरगावातील ज्या कॉरोनेशन चित्रगृहात तो ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला, आणि त्याच गिरगावातील ज्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा'च्या रूपाने पडदा प्रथम बोलला, ती सर्व स्थळे एका दिवसाच्या फेरीत पाहून व्हावीत इतकी परस्परांच्या निकट होती. परंतु या लहानशा भूभागावर मानापमानाचे जे एक दीर्घ नाट्य घडले, त्याची नोंद पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. अभिनेत्री दुर्गाबाई खोटे यांना मिळालेल्या सन्मानांचा विचार करताना ते नाट्य पहिल्या अंकापासून पाहणे अवश्य आहे.

पहिला अंक अर्थातच फाळक्यांचा. हरिश्चंद्राची राणी तारामती हिची भूमिका करण्यास स्त्री मिळावी म्हणून त्यांनी पुष्कळ यातायात केली. समाजाने सर्वांत खालच्या पायरीवर लोटलेल्या स्त्रियांपर्यंत ते गेले, आणि तेथूनही त्यांना विन्मुख परतावे लागले. अखेरीस ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांच्या कन्या कमलाबाई यांनी पडद्यावर येऊन ही कोंडी फोडली खरी, तथापि ज्यांना तालेवार घराणी म्हणत, त्यांच्या उंबरठ्यापाशी ती वाट पुढेही पुष्कळ वर्षे थांबून राहिली.

अशा घराण्यांपैकी एक गिरगावातील कांदेवाडीत नांदत होते. मूळचे गोमंतकीय असलेले पांडुरंगराव लाड हे मुंबईतील नामांकित सॉलिसिटर. त्यांची कन्या १४ जानेवारी १९०५ रोजी जन्मली, कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिकली, आणि विवाहानंतर खोटे यांच्या संपन्न घरात दुर्गा या नावाने गेली. त्या घरची संपत्ती पुढे ओसरली. दोन लहान मुलांची जबाबदारी समोर उभी राहिली. शिकवण्या करून भागेना. अशा वेळी, १९३१ साली, मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील एक अल्पशी भूमिका त्यांनी पत्करली. चित्रपट पडला, आणि त्याच्याबरोबर माहेर व सासर अशा दोन्ही घराण्यांची इभ्रत गिरगावच्या चर्चेत ओढली गेली. दुर्गाबाईंच्या सन्मानांची फेरिस्त करावयाची तर तिच्या प्रारंभी ही उणे बाजूची रक्कम मांडली पाहिजे, असे माझे मत आहे. ज्या व्यवसायात पाऊल टाकताच सुशिक्षित स्त्रीच्या नावाला बट्टा लागत असे, त्या व्यवसायाने पुढे तिला जे दिले त्याचे मोल या पहिल्या हानीच्या मापानेच करता येते.

कोल्हापुरातून दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, दुर्गाबाईंकडे आले ते या पडत्या काळात. प्रभात कंपनीचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' सिद्ध व्हावयाचा होता. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होणार होते, आणि तारामतीसाठी दुर्गाबाईंची निवड झाली. एकदा पोळल्यावर पुन्हा त्याच अग्नीजवळ जाण्यास लागणारे धैर्य कोणत्याही निवाडापत्रात नमूद होत नसते. पार्श्वगायनाची युक्ती तेव्हा अवतरली नव्हती. संवाद आणि गाणे दोन्ही ध्वनिक्षेपकापुढे एकाच वेळी, स्वतःच्या कंठाने करावे लागे. फेब्रुवारी १९३२ मध्ये हा पहिला मराठी बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला. ज्या राणीच्या भूमिकेसाठी १९१३ साली या शहरात एकही स्त्री पुढे आली नव्हती, ती भूमिका एकोणीस वर्षांनी कांदेवाडीच्या लाडांच्या लेकीने केली, आणि ज्या लोकांनी आदल्या वर्षी मान फिरविली होती तेच तिच्यासाठी तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहिले. हा तिचा पहिला सन्मान. त्याला पदक नव्हते, प्रशस्तिपत्र नव्हते.

पदके नव्हती, कारण ती देणाऱ्या संस्थाच अद्याप जन्मावयाच्या होत्या, आणि दुर्गाबाईंच्या कीर्तीचा हिशेब करताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते. नटनटींना मासिक वेतनावर बांधून ठेवणाऱ्या चित्रसंस्थांच्या त्या काळात त्यांनी कोणत्याही एका संस्थेची कायमची चाकरी पत्करली नाही. कोलकात्यास जाऊन देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा'त त्या मीरा झाल्या. १९३४ च्या 'सीता'त पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत सीता झाल्या, आणि तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन सन्मानपत्र मिळवून आला. प्रभातच्या 'अमर ज्योती'त १९३६ साली त्यांनी उभी केलेली सौदामिनी, पुरुषी सत्तेवर सूड उगविणारी ती सागरावरील बंडखोर स्त्री, आजही पाहताना अंगावर काटा येतो. तिच्या आवाजात जो धारदार संयम आहे तो मला त्या काळच्या अन्य कोणत्याही अभिनेत्रीत आढळलेला नाही. या भूमिकांच्या काळी देशात राज्य परकीयांचे होते आणि नटीच्या कलेला मान्यता देणे हे त्यांच्या दफ्तरात कोठेच बसत नव्हते.

मान्यता आली ती प्रथम बंगालमधून. तेथील चित्रपट-पत्रकारांच्या संघटनेने १९४२ साली 'चरणों की दासी'साठी आणि पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरविले. यांतील पहिला चित्रपट आचार्य अत्र्यांचा. मराठीत तो 'पायाची दासी' या नावाने निघाला. त्यात दुर्गाबाई छळ करणारी सासू होत्या, आणि दुसऱ्यात कैकेयी. या वेळी त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते. नायिकेचे पद सोडून लोकांच्या रागास पात्र होणारी भूमिका पत्करणे हे त्या वयात कोणत्याही अभिनेत्रीस जड गेले असते. दुर्गाबाईंनी ती पत्करली आणि सन्मानही तिच्याच बळावर मिळविला. मला स्वतःला त्यांच्या पुढील सर्व मानपत्रांपेक्षा ही दोन अधिक मोलाची वाटतात, कारण ती दरबारातून आलेली नव्हती. रोज चित्रपट पाहून त्यांची चिरफाड करणे हाच ज्यांचा धंदा, अशांनी ती दिली होती, आणि तीही परप्रांतातून.

स्वातंत्र्यानंतर सन्मानांची वहिवाट सुरू झाली. १९५४ साली पद्म किताब अस्तित्वात आले, त्याच वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक अत्र्यांच्याच 'श्यामची आई'ला मिळाले, आणि 'फिल्मफेअर'ची पारितोषिकेही त्याच वर्षापासून दिली जाऊ लागली. परंतु राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनयासाठी स्वतंत्र पारितोषिके ठेवण्यास १९६७ चे चित्रपट उजाडावे लागले. तोवर दुर्गाबाई साठी ओलांडून गेल्या होत्या आणि पडद्यावर आई किंवा आजी म्हणूनच येत होत्या.

दरम्यान त्या गिरगावात परतल्या होत्या. केळेवाडीत डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघाने जी रंगभूमी जागती ठेवली, तिच्यावर दुर्गाबाई नानासाहेब फाटकांसमोर उभ्या राहिल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील त्यांची आनंदीबाई आणि शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून रचलेल्या 'राजमुकुट'मधील त्यांची राणी यांविषयी त्या काळचे नाट्यरसिक अखेरपर्यंत आदराने बोलत. कांदेवाडी आणि केळेवाडी यांत अंतर ते किती! तरीही चित्रपटात काम केल्याने ज्या वस्तीत एके काळी नाव खाली गेले, त्याच वस्तीच्या विद्वज्जनांच्या संस्थेत प्रमुख अभिनेत्री म्हणून उभे राहण्यास त्यांना दोन दशके लागली. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांच्या अभिनयाचा गौरव केला.

पुढची नोंद मी त्वरेने करतो, कारण ती सर्वश्रुत आहे. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मधील जोधाबाई, १९६८ ची पद्मश्री, १९७३ च्या 'बॉबी'तील गोव्याची वृद्धा, आणि १९७४ च्या 'बिदाई'साठी फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक. चार दशकांहून अधिक काळ सुमारे दोनशे चित्रपटांत वावरलेल्या, सीता आणि सौदामिनी पेललेल्या अभिनेत्रीस हे पारितोषिक साहाय्यक म्हणून मिळावे, हा त्यांच्या उणेपणाचा दाखला नव्हे. पुरस्कार उशिरा जन्मले, एवढाच त्याचा अर्थ.

१९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला तेव्हा त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. हा पुरस्कार १९६९ पासून दिला जात होता. देविकाराणी, पृथ्वीराज, काननदेवी, सोहराब मोदी असे थोर मानकरी तोवर होऊन गेले होते. परंतु दादरच्या एका मराठी माणसाच्या नावाने दिला जाणारा हा मान मराठीभाषक कलावंतास प्रथम मिळाला तो दुर्गाबाईंच्या रूपाने. त्यांना तारामती करणाऱ्या शांतारामबापूंना तो १९८५ चा, म्हणजे त्यांच्या नंतरचा. फाळक्यांना तारामतीसाठी जी स्त्री मिळाली नाही, तिच्याच हाती त्यांच्या नावाची सनद पडावी, यात मला ऐतिहासिक न्याय दिसतो. त्यानंतरही दुर्गाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांच्याच निर्मितिसंस्थेने १९८८ साली दूरदर्शनसाठी 'वागले की दुनिया' ही मालिका काढली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले, आणि २०१३ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त डाकखात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज अभिनेत्री सुलोचनादीदींना १९९९ ची पद्मश्री व २००९ चा महाराष्ट्रभूषण मिळाल्याचे, किंवा अशोक सराफ यांना २०२५ ची पद्मश्री मिळाल्याचे वृत्त आपण वाचतो, तेव्हा आनंद होतो, नवल वाटत नाही. नटाला मान मिळणे ही स्वाभाविक गोष्ट वाटावी, येथपर्यंत आपण आलो आहोत. आणि ही स्वाभाविकता ज्यांनी स्वतःची इभ्रत पणाला लावून विकत घेतली, त्यांत दुर्गाबाईंचे स्थान फार वरचे आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आणि 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट, दोन्ही सुदैवाने आजही उपलब्ध आहेत. पुरस्कारांची यादी हाती घेण्यापूर्वी वाचकांनी ते पुस्तक वाचावे आणि तो चित्रपट पाहावा, एवढीच विनंती.