अवसाद : वेळीच निदान व उपचार यांचा इतिहास

अवसाद : दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, नित्याच्या व्यवहारांतील गोडी नाहीशी होणे, थकवा, झोप व भूक यांतील बिघाड, अपराधीपणाची भावना आणि काही रुग्णांत मृत्यूचे विचार, अशा लक्षणांच्या समुच्चयास अवसाद म्हणतात. प्रचलित निकषांनुसार ही लक्षणे किमान दोन आठवडे जवळजवळ दररोज आढळावी लागतात. सामान्य दुःख व हा विकार यांतील सीमारेषा पुसट असल्याने निदानास विलंब होतो. ही सीमारेषा कोणी व केव्हा ओळखावी, या प्रश्नाभोवतीच अवसादाच्या उपचारांचा इतिहास घडत गेला आहे.

प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ (इ. स. पू. सु. ४६०–३७०) यांच्या परंपरेतील ग्रंथांत दीर्घकाळ टिकणारी भीती व खिन्नता हे कृष्णपित्तजन्य विकाराचे, म्हणजे ‘मेलँकोलिया’चे लक्षण मानले आहे. कारणमीमांसा कालबाह्य ठरली, तरी कालावधीचा हा निकष आजही टिकून आहे. चरकसंहितेत विषादाची गणना वातविकारांत केली असून रोग बळावण्याच्या कारणांमध्ये त्यास अग्रस्थान दिले आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बर्टन यांनी १६२१ साली या विकारावर बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध केला.

फ्रेंच वैद्य फीलिप पीनेल (१७४५–१८२६) यांनी मनोरुग्णांना माणुसकीने वागविण्याचा पुरस्कार केला. जर्मन मनोविकारतज्ञ एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) यांनी १८९९ मध्ये उद्दीपन-अवसाद चित्तविकृतीची संकल्पना मांडून वर्गीकरणास शिस्त आणली. तथापि हे ज्ञान मुख्यतः रुग्णालयांत दाखल झालेल्या, म्हणजे विकार बळावलेल्या रुग्णांच्या निरीक्षणातून आले होते. भारतात १९१२ च्या कायद्यान्वये मनोरुग्णालयातील प्रवेश बव्हंशी न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होई. ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर येथील रुग्णालयांची नावे त्यामुळे लोकांच्या मनात उपचारांपेक्षा बंदिवासाशी अधिक जोडली गेली. लोकलज्जेस्तव दुखणे लपविण्याची प्रवृत्ती त्यामुळे बळावली. सर्वसाधारण रुग्णालयात मानसचिकित्सेची सोय कलकत्त्यात १९३३ मध्ये व मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये झाली, हा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा होय.

प्रभावी उपचारांवाचून लवकर निदानाला फारसे मोल नव्हते. तीव्र अवसादावर उपयुक्त ठरलेली विद्युत्‌ आघात चिकित्सा १९३८ मध्ये रोम येथे प्रथम वापरण्यात आली. क्षयावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनोवृत्ती उल्हसित होते, असे न्यूयॉर्कमध्ये १९५२ च्या सुमारास दिसून आले. १९५७ मध्ये नेथन क्लाइन यांनी अवसादावरील त्याचा उपयोग जाहीर केला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील रोलांट कून यांनी इमिप्रामिनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकन मानसचिकित्सक ॲरन बेक यांनी १९६१ मध्ये २१ मुद्द्यांची अवसादमापन प्रश्नावली तयार केली आणि पुढे विचारपद्धतीत बदल घडविणारी बोधनात्मक चिकित्सा विकसित केली. घरी राहूनच उपचार घेणे आता शक्य झाले.

मात्र बहुतेक रुग्ण मनोविकारतज्ञाकडे जातच नाहीत. मायकेल शेपर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनमधील पाहणीने मानसिक व्याधींचा मोठा भार सामान्य वैद्यच वाहतात, हे दाखवून दिले. रुग्ण मनाची व्यथा सांगत नाही. अंगदुखी, थकवा, झोप न लागणे, जीव घाबरा होणे याच तक्रारी तो वैद्यापुढे मांडतो. या तक्रारींमागील अवसाद हेरण्याचे शिक्षण दिल्यास काय घडते, याची परीक्षा स्वीडनच्या गॉटलंड बेटावर झाली. १९८३-८४ मध्ये तेथील सर्व सामान्य वैद्यांसाठी प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. त्यानंतर बेटावरील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय रीत्या घटले. परंतु प्रशिक्षण थांबल्यावर व काही प्रशिक्षित वैद्य बेट सोडून गेल्यावर १९८८ पर्यंत ते पुन्हा पूर्वपदाच्या जवळ आले. शिवाय ही घट मुख्यतः स्त्रियांत दिसली. वैद्याकडे क्वचितच जाणाऱ्या पुरुषांना तिचा फारसा लाभ झाला नाही. छोट्या लोकसंख्येवरील या प्रयोगाचे निष्कर्ष जपूनच वापरावे लागतात. तरीही निदानाची दक्षता सातत्याने जोपासावी लागते, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

भारतात १९७५ च्या सुमारास चंडीगढजवळील रायपूर राणी आणि बंगलोरजवळील साकलवारा येथे ग्रामीण मानसिक आरोग्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांच्या अनुभवावर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आधारलेला होता. गोव्यातील संगाथ या संस्थेने (स्थापना १९९६) तज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांकडे हे काम सोपविले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘मानस’ प्रकल्पात सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांना या पद्धतीचा लाभ झाला. खाजगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अवसादग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सु. ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांत नोंदविले आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागे कर्ज, नापिकी यांसारखी आर्थिक कारणे असतात व ती औषधाने दूर होत नाहीत. परंतु त्या ओझ्याखाली खचलेल्या मनास वेळीच आधार देणे शक्य असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी शुश्रूषेचा अधिकार दिला. १४४१६ या क्रमांकाची शासकीय दूरध्वनी-सेवा २०२२ मध्ये सुरू झाली.

अवसादाचा झटका पुन्हा येण्याची शक्यता प्रत्येक झटक्यागणिक वाढते आणि मधल्या काळात शिक्षण, उपजीविका व कौटुंबिक संबंध यांची हानी होते. म्हणूनच लवकर उपचार हिताचे ठरतात. पूर्वी उद्दीपनाचा झटका येऊन गेला आहे काय, अवटू ग्रंथीचा विकार आहे काय, याची चौकशी निदानापूर्वी आवश्यक असते. तसेच स्वाभाविक शोकाला रोग ठरविणेही टाळावे लागते. सौम्य अवसादात समुपदेशन व नियमित दिनक्रम पुष्कळदा पुरेसे ठरतात, तर तीव्र अवसादात औषधे लागतात. ती सुरू केल्यानंतर परिणाम दिसण्यास सामान्यतः काही आठवडे लागतात. बरे वाटू लागताच ती आपणहून बंद करणे धोक्याचे असते. मृत्यूचे विचार व्यक्त झाल्यास मात्र वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळविणे अगत्याचे आहे. अशा विचारांविषयी आस्थेने विचारपूस केल्याने ते बळावतात, ही समजूत निराधार आहे. उलट रुग्णास बोलण्याची वाट त्यामुळे मोकळी होते.