गंजिफा : पानांचे बलाबल

गंजिफा हा बहुधा गोलाकार, हाताने रंगविलेल्या पत्त्यांचा बैठा खेळ. दशावतारी गंजिफा हा त्याचा एक प्रकार असून महाराष्ट्रात तो विशेषतः सावंतवाडी (सिंधुदुर्ग जिल्हा) येथे रुजला. मासा, कासव यांसारख्या प्राण्यांची चित्रे त्याच्या पानांवर असल्यामुळे कोणते पान कोणावर मात करील, हे चित्रावरून ठरत असावे, असे नवख्यास वाटते. वस्तुतः पानाचे बळ चित्रात नसते. ते त्या रंगातील क्रम, खेळून गेलेली पाने आणि दोघा प्रतिस्पर्ध्यांत वाटली गेलेली उरलेली पाने ह्यांवर अवलंबून असते.

भारतातील गंजिफाचा जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात आढळतो. १५२७ मध्ये त्याने सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफाची पाने पाठविली होती. अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत बारा रंगांच्या एका जोडाचे वर्णन केले आहे. त्यात अश्वपती, गजपती, नरपती ह्यांबरोबरच वन्य पशूंचा बनपती व सर्पांचा अहिपती हेही रंग होते. प्रत्येक रंगात राजा, वजीर व एक ते दहा अंकांची पाने असत. पहिल्या सहा रंगांना ‘बेशबर’ व उरलेल्या सहांना ‘कमबर’ अशी नावे होती. बेश म्हणजे अधिक व कम म्हणजे उणे. त्यानुसार घोडा व हत्ती पहिल्या गटात, तर रानातील पशू व सर्प दुसऱ्या गटात पडत.

पुढे रूढ झालेल्या आठ रंगांच्या मोगली गंजिफात एकूण ९६ पाने असतात. त्यात ताज, सफेद, शमशेर व गुलाम ह्या बेशबर रंगांत राजा व वजीर ह्यांच्या खालोखाल दश्शी श्रेष्ठ असून एक्का सर्वांत कनिष्ठ ठरतो. चंग, सुर्ख, बरात व किमाश ह्या कमबर रंगांत हा क्रम उलटतो. तेथे वजिरानंतर एक्का व सर्वांत शेवटी दश्शी येते. म्हणजे ‘उणे’ हे नाव असले, तरी तो रंग दुबळा नसतो. केवळ त्यातील अंकांची चढण उलटी असते. नुसत्या अंकावरून पानाची किंमत करणारा खेळाडू येथे हमखास फसतो.

दशावतारी जोडात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकी बारा पाने, अशी १२० पाने असतात. मत्स्याची खूण मासा व कूर्माची कासव ही असते. वराह व नरसिंह ह्यांच्या खुणा प्रदेशपरत्वे बदलतात. कोठे वराह व सिंह, तर कोठे शंख व चक्र काढतात. परशुरामाची खूण परशू असते. दहांपैकी पाच रंगांत दश्शी वरची, तर पाच रंगांत एक्का वरचा असतो. रंगारंगांत मात्र उच्चनीचता नाही. अन्य पत्त्यांच्या खेळांत आढळणारा हुकमाचा रंग येथे नसल्याने माशाचे पान रामाच्या पानास जिंकत नाही आणि रामाचे पानही माशाच्या पानास जिंकत नाही. जो रंग उतरला असेल त्यातील वरचे पान हात घेते. दुसऱ्या रंगाचा राजा टाकला, तरी तो व्यर्थ जातो.

हा खेळ बहुधा तिघांत खेळतात. प्रत्येकास ४० पाने मिळतात व सर्व पाने वाटली जातात. दिवसा रामाचा राजा व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल, तो खेळास प्रारंभ करतो. दोघेच खेळत असते, तर आपली पाने पाहून समोरच्याची सर्व पाने ओळखता आली असती. तिघांत तसे होत नाही. एखाद्याजवळ कासवाची पाच पाने असली, तर उरलेली सात कोणती हे त्यास कळते, पण ती दोघांत कशी विभागली हे कळत नाही. ज्या रंगात एक्का वरचा आहे, त्यातील राजा व वजीर खेळून गेल्यावर एक्का अजिंक्य होतो. तोही गेल्यावर दुर्रीस तो मान मिळतो. अशा रीतीने प्रारंभी नगण्य असलेले पान अखेरीस हात घेऊ शकते. म्हणून कोणते पान केव्हा गेले हे ध्यानात ठेवणे, हेच ह्या खेळातील खरे कौशल्य होय.

प्राण्यांच्या पानांचे बळ अजमावण्याचा हा प्रश्न आधुनिक खेळांतही आढळतो. अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्राण्याच्या पानावर त्याचे आक्रमणबळ व सहनबळ अंकांत छापलेले असते. पण दोघांऐवजी चौघे खेळू लागले की तेच अंक अपुरे पडतात. एकाच शत्रूवर झटपट तुटून पडणाऱ्या लहान प्राण्याचे मोल घटते व सर्वांवर एकदम परिणाम करणाऱ्याचे वाढते.

छापील बावन्न पत्त्यांच्या प्रसारानंतर गंजिफा मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडी संस्थानच्या घराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी ह्या वृद्ध कारागिराच्या साहाय्याने पाने रंगविण्याच्या कलेचे पुनरुज्जीवन केले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफास भौगोलिक मानांकन लाभले. तथापि ही पाने आज मुख्यतः शोभेची वस्तू म्हणून विकत घेतली जातात. खेळणारे उरले नाहीत, तर मासा व कासव चित्र म्हणून टिकतील. पण त्यांतील एक्का केव्हा दश्शीहून थोर ठरतो, हे सांगणारा क्रम लोपेल. कारागिरीबरोबर खेळाचे नियमही जतन होणे म्हणूनच अगत्याचे आहे.