धूर, तेल आणि भिंत

डांस मारणें आणि डांस हांकून लावणें या भिन्न क्रिया होत. परंतु हिंवतापाचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिलीचाच विचार करतात. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड तालुक्यांत मात्र दुसरीचाच परिपाठ जुना. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. ओढे पुष्कळ, पाऊस दांडगा, आणि गोठा घराला लागून. तिन्हीसांजेस गोवऱ्या पेटवून त्यांवर निरगुडीचा वा कडुलिंबाचा ओला पाला घालावयाचा आणि अंगास करंजेल चोळावयाचें. पाला ओलाच हवा. वाळल्याचा जाळ होतो, धूर होत नाहीं. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु पाहिले. त्यापूर्वींची ही सारी खटपट रोगासाठीं नव्हे, झोंपेसाठीं होती!

पुढें जपानांत शेवंतीच्या कुळांतील एका फुलाची पूड घालून उदबत्त्या निघाल्या. त्या लवकर विझत, म्हणून त्यांस वेटोळ्याचा आकार आला. अमेरिकन सैन्यासाठीं १९४६ मध्यें ‘डीट’ हें अंगास लावण्याचें द्रव्य सिद्ध झालें.

त्याच वर्षीं मुंबई प्रांताच्या धारवाड व कानडा जिल्ह्यांत भिंतींवर डी. डी. टी. फवारण्याचे मोठे प्रयोग झाले; १९५३ पासून ही मोहीम देशभर पसरली. रक्त पिऊन जड झालेला डांस भिंतीवर विसांवतो, तेथेंच त्यास गांठावें, ही त्यांतील युक्ति. गंमत अशी कीं, हें द्रव्यहि नुसतें मारक नव्हे. त्याच्या स्पर्शानें बिथरून कित्येक डांस घराबाहेर पळतात. कालांतरानें डांस त्यास सरावले, आणि १९७६ सालीं देशांतील रुग्णसंख्या ६४ लक्षांवर गेली.

हांकललेला डांस उपाशी मात्र राहत नाहीं. तो गोठ्यांतील बैलाकडे वळला तर ठीकच; शेजाऱ्याकडे वळला तर? ज्याच्यापाशीं तेल वा वेटोळें आहे तो सुटतो, एवढाच या उपायांचा न्याय. या तालुक्यांतील अनेक कातकरी कुटुंबें भातकापणी आटोपली कीं वीटभट्ट्यांवर जातात. तेथें कच्च्या विटा रचून, वर पेंढा टाकून हंगामापुरतें खोपट उभें राहतें. सरकारी फवारणीचा सारा हिशेब भिंतीवर मांडलेला; या खोपटास भिंत म्हणावी अशी भिंतच नसते. तेथें रात्रीं बहुधा ओल्या पाल्याचा धूरच असतो.