सौर डागांच्या चक्रातील महत्तमांचा निर्णय
संख्यांच्या क्रमवार मालिकेत जी संख्या आपल्या लगतच्या मागील व पुढील अशा दोन्ही संख्यांपेक्षा मोठी असते, तिला स्थानिक महत्तम मूल्य म्हणतात. व्याख्या सोपी असली, तरी निरीक्षणांतून मिळालेल्या मालिकेत खरे महत्तम कोणते हे ठरविणे अवघड असते. सौर डागांच्या नोंदी हे त्याचे बोलके उदाहरण होय.

जर्मनीतील डेसाऊ येथील औषधविक्रेते हाइन्रिख श्वाबे (१७८९–१८७५) हे बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह असावा या कल्पनेने सूर्यबिंबाचे नित्य निरीक्षण करीत. ग्रह सापडला नाही, पण डागांच्या नोंदी साठत गेल्या. त्यांनी नोंदविलेली डागसमूहांची वार्षिक संख्या १८२६ मध्ये ११८ होती. ती १८२८ मध्ये २२५ झाली, १८३३ मध्ये ३३ पर्यंत उतरली, १८३७ मध्ये ३३३ वर पोहोचली आणि १८४३ मध्ये पुन्हा ३४ वर आली. या १८ संख्यांत चढउतार इतका स्वच्छ आहे, की केवळ शेजारच्या संख्यांशी तुलना करूनही १८२८ व १८३७ ही दोनच महत्तमे मिळतात. त्यांवरून श्वाबे यांनी सुमारे १० वर्षांचे आवर्तन सुचविले (लेख १८४४ मध्ये प्रसिद्ध). वस्तुतः १८४३ ही मालिकेतील अखेरची संख्या होती. पुढील संख्या हाती नसताना तिला लघुतम मानणे धाडसाचे होते. ते पुढे खरे ठरले. हंबोल्ट यांनी आपल्या कॉसमॉस या ग्रंथात ही नोंद घेईपर्यंत तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

स्वित्झर्लंडमधील रूडॉल्फ व्होल्फ (१८१६–९३) यांनी समूहांच्या संख्येची दहापट आणि सुट्या डागांची संख्या यांच्या बेरजेला निरीक्षक व दूरदर्शक यांना अनुरूप अशा गुणकाने गुणून सापेक्ष डाग-अंक ठरविला. गुणक १ धरल्यास ३ समूह व १२ डाग असलेल्या दिवसाचा अंक ४२ येतो. जुन्या निरीक्षकांच्या टिपणांवरून त्यांनी ही मालिका अठराव्या शतकापर्यंत मागे नेली व १८५२ मध्ये आवर्तनकाल सुमारे ११.१ वर्षे असल्याचे दाखविले. मात्र मापन बदलले की शिखरही सरकते. श्वाबे यांच्या समूहगणनेत १८२८ मध्ये दिसणारे महत्तम डाग-अंकांनुसार १८२९ च्या अखेरीस येते.

दैनिक किंवा मासिक अंक घेतल्यास लहानमोठी असंख्य शिखरे दिसतात, कारण सूर्याचे सु. २७ दिवसांचे भासमान परिवलन व डागांची अनियमित उत्पत्ती त्यांत मिसळलेली असते. यासाठी १३ महिन्यांची चल सरासरी काढण्याचा प्रघात आहे. तीत दोन्ही टोकांच्या महिन्यांना निम्मा भार देतात आणि बेरजेला १२ ने भागतात. या सरासरीचे एक मूल्य द्यावे लागते : कोणत्याही महिन्याचे सरासरी मूल्य पुढील सहा महिने उलटल्यावाचून काढता येत नाही, म्हणून महत्तम होऊन गेल्यावरच ते महत्तम होते असे कळते.

हा केवळ गणिती खटाटोप नव्हे. महत्तमाच्या सुमारास सूर्याच्या जंबुपार प्रारणाने वरचे वातावरण तापून फुगते व कृत्रिम उपग्रहांवरील ओढ वाढते. १९७९ च्या अखेरीस आलेल्या महत्तमापूर्वी सौर क्रियाशीलता अपेक्षेपेक्षा वेगाने वाढली आणि स्कायलॅब हे अमेरिकी अवकाशस्थानक ११ जुलै १९७९ रोजी अंदाजाआधीच कोसळले.

सरासरी काढूनही संदिग्धता उरते. अनेक चक्रांना दोन शिखरे असतात. तेविसाव्या चक्राचे महत्तम जुन्या मालिकेत एप्रिल २००० मध्ये होते. १ जुलै २०१५ पासून ब्रूसेल्स येथील केंद्राने सुधारित मालिका लागू केल्यावर ते नोव्हेंबर २००१ मध्ये गेले. चोविसाव्या चक्राचे पहिले शिखर २०१२ च्या प्रारंभी आले, परंतु एप्रिल २०१४ चे दुसरे शिखर त्याहून उंच निघाले. पंचविसाव्या चक्राच्या चल सरासरीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सु. १६१ चे मूल्य गाठले. हे २०२५ मधील एप्रिलपर्यंतचे अंक हाती आल्यावरच निश्चित करता आले.